मनोहररावांचा पांढरा

नलूला घेऊन गाडी दारात आली तेव्हा तिच्या खोलीत पलंग नव्हता. शिडी होती, जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं होतं आणि मधोमध तिचा नवरा ब्रश घेऊन उभा होता.

“आत आणू नका,” मनोहरराव गाडीवाल्याला म्हणाले. “पेंट ओला आहे.”

खुब्याचं हाड मोडून नलूचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर चालायला शिकवतात त्या रिहॅबमध्ये ती होती. तिथल्या बाईने मनोहररावांना समोर बसवून सांगितलं होतं, खालच्या मजल्यावर खोली करा, शेजारी संडास असू दे, धरायला दांड्या लावा आणि रोज चालवा. या वयात खुबा मोडलेली बाई अंथरुणाला खिळली तर परत उठत नाही. हे मला त्यांनीच येऊन सांगितलं होतं. दांड्या आणल्याही होत्या. त्या खोक्यातच पडून होत्या, कारण भिंतीचा रंग ठरल्याशिवाय भिंतीला भोक पाडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

गाडीवाला दांडगा, शांत माणूस होता. त्याने विचारलं, “सर, मग यांना ठेवू कुठे?”

“आणखी थोडे दिवस तिकडेच ठेवता येईल का? हा रंगाचा कोट वाळला की मला खरा टोन कळेल.”

“तिकडची जागा गेली, सर.”

नलू चाकांच्या खुर्चीत बसून होती. मांडीवर कपड्यांची पिशवी, केस कोरडे, विस्कटलेले. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

“म्हणजे अजून ठरला नाही,” ती म्हणाली. दूध अजून तापलं नाही म्हणावं, तशी.

मी शेजारच्या घरातून मऊ भाताचा डबा घेऊन आले होते. इंग्रजी मला थोडंफार कळतं, बोलता येत नाही. मी गाडीवाल्याची बाही धरली, खुर्चीकडे बोट केलं आणि मग आमच्या दाराकडे केलं. त्याला लगेच समजलं. त्याने खुर्ची वळवली. मनोहरराव खिडकीतून म्हणाले, “आक्का, गवतावरून नका नेऊ, चाकं ओली होतील आणि तुमच्या भिंतीला लागतील.”

आमच्या भिंतीची काळजी त्यांना होती, हे मी मान्य करते.

मी इथे परदेशात, कॅरी नावाच्या गावात, माझ्या मुलीकडे, माधुरीकडे, राहते. मनोहरराव आणि नलिनी आमचे शेजारी. ते इंजिनियर, इथे फार जुने, आमच्या लोकांपैकी पहिल्या काही जणांत आलेले. आता रिटायर. उंच, सडपातळ, हाफशर्टाला कडक इस्त्री. बोलणं हळू आणि गोड. दारू नाही, सिगारेट नाही, बायकोला कधी ‘अगं’च्या वर आवाज नाही. वाईट माणूस असता तर लोकांनी ओळखला तरी असता. या माणसाला सगळे चांगला म्हणत.

त्यांना एकच नाद होता, घराला पांढरा रंग देण्याचा. पांढरा म्हणजे पांढरा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. आमच्या गावी चुना कालवायचा, चिमूटभर नीळ टाकायची, कुंचा फिरवायचा, झालं. मी हे त्यांना पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा ते दयेने हसले.

“आक्का, पांढरा असा एक रंगच नसतो. प्रत्येक पांढऱ्यात आत काहीतरी लपलेलं असतं. कुणात पिवळं, कुणात गुलाबी, कुणात हिरवं. ते हुडकून काढावं लागतं.”

“हुडकून मग काय करता?”

“त्याला टाळायचं.”

त्यांच्या दिवाणखान्याची एक भिंत कायम ठिगळांची असे. हातभर हातभर पांढरे चौकोन, एकाला एक लागून. एकाचं नाव ‘विंटर मिल्क’, एकाचं ‘क्वायट शेल’, एकाचं ‘ओल्ड पर्ल’. डब्यावर अशी नावं लिहिलेली असतात. माणसं पोरांची नावं ठेवताना इतका विचार करत नाहीत. हे चौकोन सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, दिवे लावून बघायचे, ढग आल्यावर परत बघायचे. घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधी ते विचारत, “यातला कुठला उजवा वाटतो?” मग तुम्ही एक दाखवलात, की तो का चालणार नाही हे ते समजावत. चहा त्यानंतर.

मी एकदा म्हटलं, “सगळे सारखेच दिसतात.”

“तुमचे बल्ब चुकीचे आहेत आक्का, म्हणून नजर बिघडली आहे.”

दुसऱ्या दिवशी ते खरंच बल्ब घेऊन आमच्याकडे आले आणि माझ्या खोलीतला चांगला चालणारा बल्ब काढून दुसरा लावून गेले. त्या उजेडात माझा हात मेलेल्या माणसाच्या हातासारखा दिसायला लागला. मी माधुरीला स्टुलावर चढवून जुना बल्ब परत लावला. ती म्हणाली, “आई, जाऊ दे गं, काकांचं मन मोठं आहे.” या देशात फुकट बल्ब देणाऱ्याचं मन मोठं असतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण रंग भिंतीला लागतो आणि त्या भिंतीच्या आत कुणीतरी राहत असतं. तिथे नलू राहत होती.

नलूने फोडणी घरात करायची नाही, असा नियम होता. हळदीची वाफ उडते, तेलाची वाफ उडते, पांढरा पिवळा पडतो. म्हणून गॅरेजमध्ये एक शेगडी मांडलेली. आत सुंदर ओटा, त्यावर कधी न पेटलेला सहा बर्नरचा गॅस. बाहेर गॅरेजमध्ये, गाडीचे जुने टायर, बर्फाचं फावडं आणि गवत कापायचं मशीन यांच्यामधे उभी राहून ही बाई आमटीला फोडणी द्यायची. धूर जावा म्हणून मोठं दार अर्धं वर. जानेवारीत कोट घालून पुऱ्या तळताना मी तिला पाहिलं आहे. डोक्याला माकडटोपी आणि हातात झारा.

आमच्या लोकांत हे काही नवीन नाही. बऱ्याच जणांनी गॅरेजमध्ये शेगड्या मांडल्या आहेत आणि बायका एकमेकींना कौतुकाने सांगतात, “आमच्याकडे अजिबात वास येत नाही.” पण बाकीचे मासे तळायला जातात. मनोहररावांच्या घरी जिऱ्यालाही बाहेर जावं लागे.

देवासमोर निरांजन नाही, काजळी धरते. तिथे बॅटरीचा दिवा, प्लास्टिकची ज्योत हलते तो. नलूने केसांना तेल लावायचं नाही, कारण टेकून बसली की भिंतीवर डाग पडतो. तिचे केस चांगले होते. लग्नातल्या फोटोत गुडघ्यापर्यंत वेणी आहे. माझ्यासमोर ती सोफ्यावर कधी मागे टेकून बसली नाही. कणा सरळ, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखी. दुसऱ्याच्या घरी आली तरी तशीच.

एका संक्रांतीला तिने हळदीकुंकू केलं. मनोहररावांनी करू दिलं, याचंच आम्हाला नवल वाटलं. आम्ही बायका गेलो तर दारातच थांबवलं. हळदीकुंकवाची कोयरी बाहेर, पायरीवरच्या स्टुलावर, खाली वर्तमानपत्र. थंडीत ओळीने उभं राहून आम्ही हळदकुंकू लावून घेतलं, मग मनोहररावांनी प्रत्येकीच्या हातात ओला कागद दिला. बोटं पुसा आणि आत या. आत खुर्च्या दिवाणखान्याच्या मधोमध गोल मांडलेल्या, भिंतीपासून लांब. वाण म्हणून प्रत्येकीला एक रंगाचा छोटा ब्रश मिळाला. बायका हसल्या. नलूही हसली. मला मात्र कुंकवाचं बोट पुसायला लावलेलं आवडलं नाही, आणि मी ते ओल्या कागदाने न पुसता माझ्या पदराला पुसलं. मनोहररावांनी ते पाहिलं. निघेपर्यंत त्यांचं लक्ष माझ्या पदरावर होतं.

एवढं कशासाठी, असं मी एकदा सरळ विचारलं.

“रिसेल, आक्का. घर कधी ना कधी विकायचं आहे. बायरला न्यूट्रल घर लागतं. त्याला आत आल्यावर आपण दिसता कामा नये.”

“आपण म्हणजे कोण?”

“आपण. राहणारे.”

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती ते सगळ्यांनाच सांगत आणि शेवटी दर वेळी हसत. त्यांचं पहिलं घर विकायला काढलं होतं तेव्हा एक गोरी बाई बघायला आली. दारात उभी राहिली, नाक वर केलं, ओट्यामागच्या भिंतीकडे बघितलं आणि ‘थँक यू’ म्हणून गाडीत जाऊन बसली. आत आलीच नाही. त्या दिवशी नलूने वांग्याची भाजी केली होती.

“त्या दिवशी मी धडा शिकलो,” मनोहरराव म्हणाले.

ती बाई परत आली नाही. हे दुसरं घर तर तिने पाहिलंही नाही. तिला बिचारीला ठाऊकही नसेल, की कॅरीत एक माणूस जन्मभर तिच्यासाठी भिंती रंगवतो आहे आणि त्याची बायको तिच्यासाठी टायरांमधे उभी राहून जेवण करते आहे. घर विकायचं होतं म्हणावं तर ते विकायचंही कधी ठरलं नाही. त्यांची मुलगी केतकी सांता क्लाराला असते. ती फोनवर म्हणायची, “बाबा, तुम्ही तर हलणारच नाही, मग हे कुणासाठी?” ते म्हणायचे, “यू नेव्हर नो.”

नलू पडली ती तिथेच. गॅरेजमधून स्वयंपाकघरात यायला दोन पायऱ्या आहेत. हातात आमटीचं गरम पातेलं, पायरी दिसली नाही. ओरडणं ऐकून मी धावले. ती खाली आडवी, पाय वाकडा झालेला, आमटी सगळीकडे. मनोहरराव आतल्या दारात उभे होते. त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ते मी नाकारत नाही. पण फोन कानाला असतानाच दुसऱ्या हाताने त्यांनी दाराची चौकट पुसायला घेतली. चौकटीवर आमटी उडाली होती.

त्या दिवसापासून माझ्या मनातून हा माणूस उतरला तो उतरलाच.

तर नलू माझ्या खोलीत आली. पाहुण्यांसाठी तिथे दुसरा पलंग होता. माधुरी म्हणाली, “आई, हे आपल्यावर कशाला? काकांना वाईट वाटेल.” मी म्हटलं, “वाटू दे. तू संडासात दांड्या लावून घे.” जावयाने शनिवारी लावल्या. भिंतीला चार भोकं पडली. आकाश कोसळलं नाही.

मी नलूला चालवायला लागले. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत, मग स्वयंपाकघरापर्यंत. ती रडायची, मी थांबायचे नाही. दुखतंय म्हणाली की मी म्हणायचे, “दुखणारच, लोखंड घातलंय.” वेदनेचं मला काही वाटत नव्हतं. मला दुसरीच भीती होती. मधेच कधीतरी ती चालायचं सोडून म्हणायची, “कशाला आक्का? चालून जायचं कुठे?” आणि पलंगावर बसून राहायची. अशी एक बाई मी पूर्वी पाहिलेली आहे. ती हाडामुळे गेली नाही, जायला घर नव्हतं म्हणून गेली.

मनोहरराव रोज यायचे. न चुकता. हातात पांढऱ्या रंगाची पुठ्ठ्याची पाटी असायची, कधी दोन. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून पाटी धरायचे.

“नलू, हा बघ. उत्तरेची खोली आहे, बाहेर पाइन आहेत, त्यामुळे आत हिरवट उजेड येतो. याच्यात थोडी ऊब आहे.”

“चांगला आहे.”

“पण संध्याकाळी पिवळा पडेल.”

“मग तो दुसरा.”

“तो थंड आहे.”

“तुम्ही म्हणाल तो,” नलू म्हणायची. लग्नापासून हेच म्हणत असावी. ते खूश होऊन पाटी काखेत मारायचे आणि जायचे. कशी आहेस, हे विचारायचे, पण दारातून, जाता जाता. मी म्हणायचे, “मनोहरराव, पलंग कधी लावताय?” “झालंच आक्का. टोन एकदा पक्का झाला की एका दिवसाचं काम.” मुलीलाही फोनवर हेच सांगायचे. ती बिचारी आठवडाभराची रजा टाकून येते म्हणाली तर म्हणाले, “आत्ता नको, घर उघडं पडलंय, खोली झाली की ये.”

एकदा मी नलूला समोर बसवून तिच्या डोक्याला तेल लावलं. कोमट खोबरेल, चांगलं चोळून. ती आधी नको म्हणाली, मग डोळे मिटून घेतले. नंतर पलंगावर मागे सरकली, भिंतीला डोकं टेकलं आणि तशीच झोपली. इतक्या वर्षांत तिला टेकलेली मी पहिल्यांदा पाहिली. उठली तेव्हा भिंतीवर भाकरीएवढा गोल डाग होता.

दुसऱ्या दिवशीही ती तिथेच टेकली. तिसऱ्या दिवशी मनोहरराव पाटी घेऊन आले आणि त्यांची नजर डागावर गेली. पाटी खाली ठेवली, खिशातून एक पांढरा स्पंज काढला. तो ते खिशात घेऊन हिंडत, लोक चष्म्याचं फडकं ठेवतात तसा.

“आक्का, सॉरी हं, हिच्यामुळे तुमची भिंत...” म्हणत ते पलंगावर वाकले.

“राहू दे,” नलू म्हणाली.

त्यांना ऐकू आलं नसावं. हात पुढे गेला.

“अहो, राहू दे म्हटलं ना. तो माझा डाग आहे.”

ते थांबले. नलूने डोकं परत त्याच जागी टेकलं, म्हणजे त्यांना पुसताच येऊ नये.

“मला घरी यायचंय,” ती म्हणाली. “त्या खोलीत. रंग कुठलाही असू दे, नसला तरी चालेल. या आठवड्यात पलंग लावा. नाही लावलात तर मी इथेच राहीन, आक्का ठेवतील मला.”

“ठेवीन,” मी म्हटलं.

मनोहरराव स्पंज हातात घेऊन उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी माणसासारखं बोलतील. त्यांनी पाटी उचलली, खिडकीपाशी नेली, तिरकी करून बघितली.

“फक्त एकच बघायचा राहिलाय,” ते म्हणाले. “उद्या आणतो. मग तुझा पलंग, प्रॉमिस.”

ते दिवस पाइनच्या पिवळ्या धुळीचे होते. मार्च संपता संपता इथे झाडांची पिवळी भुकटी पडते. गाड्या, रस्ते, खुर्च्या, कुत्री, सगळं हळद लावल्यासारखं होतं. मनोहरराव त्या दिवसांत खिडक्यांना टेप लावत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर ते त्यांच्या गाडीपाशी उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट. उन्हात पाटी धरलेली, हात लांब करून, एक डोळा मिटून. पाटीवर पिवळी धूळ बसत होती. त्यांनी फुंकर मारली, धूळ परत बसली. परत फुंकर मारली. मग पाटी बाहीने पुसली, तर पिवळं सगळीकडे फासलं गेलं. त्यांनी ती मागच्या सीटवर टाकली आणि ते गेले. खांद्यावरही धूळ होती. ती त्यांना दिसत नव्हती.

ते रंगाच्या दुकानात कोसळले. हार्ट. दुकानातल्या पोरीने ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपले होते. माधुरी जाऊन आली. नलूला मी सांगितलं. ती म्हणाली, “आणला होता का त्यांनी तो?” नव्हता आणला.

इथल्या मराठी मंडळाने हॉलमध्ये शोकसभा घेतली. एक जण म्हणाला, त्यांची नजर फार सूक्ष्म होती. दुसरा म्हणाला, परफेक्शनिस्ट होते, तडजोड नाही. एक बाई म्हणाली, आमच्या घराचा रंग काकांनीच ठरवला, त्यांची आठवण रोज येईल. सगळे रडवेले झाले. मग कुणीतरी म्हणालं, आक्का शेजारच्या, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उठले. “त्यांना पांढरा रंग आवडायचा,” म्हटलं आणि बसले. मेलेल्या माणसाबद्दल हॉलमध्ये याहून जास्त खरं बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

केतकी आली, खोलीत पलंग लावला, दांड्या लावल्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर अजून ते चौकोन आहेत. ती म्हणाली, “आई, घर विकून माझ्याकडे चल. पण आधी पेंट करून घेऊ, अशा भिंती बघून कोणी घ्यायचं नाही.”

“म्हणूनच राहू दे,” नलू म्हणाली.

वॉकर तिने गॅरेजमध्ये टायरांपाशी ठेवून दिला आहे. शेगडी आत आली नाही, ती कचऱ्याच्या गाडीत गेली. सहा बर्नरपैकी दोन रोज पेटतात. ओट्यामागची भिंत पिवळी व्हायला लागली आहे आणि वास आमच्या दारापर्यंत येतो. काल मी गेले तर खिडक्या उघड्या होत्या. नलू तेल लावलेलं डोकं ‘ओल्ड पर्ल’ला टेकून वाटाणे सोलत होती.

डॉक्टरांना, केतकीला, मलासुद्धा वाटत होतं की त्या दोघांत आधी हीच जाणार. मनोहरराव गेले. नलू जगली.